सलोखा कुटुंब क्रमांक पन्नास

(दुपार. दाराशीच शिवणयंत्र मांडलेली खोली. उंबऱ्यावर सलोखा कार्यालयाचा कारकून; हातात हातोडी आणि पत्र्याची निळी पाटी.)

सून : आधी आत या. आणि ती पाटी मोठ्यानं वाचू नका.

कारकून : वाचत नाही हो ताई, विचारतोय. ‘सलोखा कुटुंब, क्रमांक पन्नास’ ते हेच घर ना? चार खिळ्यांचं काम आहे.

सून : हे नाही. चुकलाय तुम्ही.

कारकून : चुकेन कसा? आमच्या कार्यालयातल्या मुलीनं घरोघरी फॉर्म भरून घेतले. ‘पुलापलीकडच्या समाजात आपले कोणी नातलग आहेत काय?’ तुमच्या घरचं उत्तर, ‘आहे. सख्खी बहीण.’ खाली सही.

सून : आई! तुम्ही सही केलीत?

सासू : किती गोड विचारलं गं त्या पोरीनं. चाळीस वर्षांत या घरात मला कुणी विचारलं नव्हतं, तुम्हाला भावंडं किती म्हणून. सांगून बसले.

सून : सांगून बसलात! तुम्ही तिकडच्या हे या गल्लीत कुणाला ठाऊक आहे? मामंजींनी जन्मभर तोंडाला कुलूप घातलं ते कशासाठी? दंगलीत आपलं दार शाबूत राहिलं ते कशामुळं?

कारकून : ताई, मनं जुळावीत म्हणून तर सरकारचा हा सगळा खटाटोप. सोमवारी मंत्री येणार, तुमच्या दारात फोटो काढणार...

सून : खालच्या गल्लीतल्या सायकलवाल्याचाही काढला होता ना फोटो? क्रमांक बारा. काय झालं त्याच्या दुकानाचं?

कारकून : अहवालात शॉर्टसर्किट आहे.

सून : त्याच्या दुकानात वीज नव्हती.

कारकून : हळू बोला हो.

सून : बघा. हळू बोला म्हणायची पाळी तुमच्यावरच आली. तो समोरचा पडदा दिसतोय? तुम्ही आल्यापासून दोनदा हललाय. परवा माप द्यायला आलेली शेजारीण सहज विचारत होती, तुझ्या सासूचं माहेर कुठलं गं? मशीनची सुई बोटात गेली माझ्या. माझ्या दोन्ही मुली याच दारातून शाळेत जातात, साहेब. भीती वाटते मला. दुसरं काही नाही, नुसती भीती वाटते.

कारकून : पन्नासचा आकडा वरून आलाय. एकोणपन्नासच झाली तर साहेब मला उभा सोलतील.

सून : तुम्हाला तोंडानं सोलतील. आम्हाला?

कारकून : (हातोडी खाली ठेवत) एक वाट आहे. दुरुस्तीचा अर्ज. ‘नजरचुकीनं लिहिलं, मला तिकडे बहीण नाही.’ आजींची सही लागेल. पाटी मी परत नेतो. रंग उडाला होता म्हणून सांगेन.

सून : द्या कागद. आई, करा सही.

सासू : मी नाही करायची.

सून : आई, पाया पडते तुमच्या.

सासू : अगं, मलाही धडकी भरलीय. सायकलवाल्याचं मी ऐकलं नाही का? पण चाळीस वर्षं गप्प राहिले ते वेगळं. आता माझ्या हातानं लिहून देऊ, ती नव्हतीच म्हणून? एका पांघरुणात वाढलो आम्ही. उद्या तिच्या कानावर गेलं, तर काय वाटेल तिला?

कारकून : आजी, खरं तर हे सांगायचं नव्हतं मला. दोन्हीकडून खात्री करावी लागते. तुम्ही पत्ता दिला होतात, साबणाच्या वखारीमागचा. आमचा तिकडचा माणूस गेला होता परवा.

सासू : भेटली?

कारकून : एक म्हाताऱ्या बाई होत्या. दाराची साखळी न काढता फटीतूनच बोलल्या. म्हणाल्या, मला बहीण नाही. कधीच नव्हती. तसं लिहूनही दिलं. आकडा भरायचा म्हणून मीच तो कागद दाबून ठेवला.

सून : आई, खाली बसा. पाणी आणू?

सासू : नको. लिहून दिलं म्हणतोस? कागद आहे?

कारकून : हा बघा. पण काही वाचता येणार नाही धड. लिहिता लिहिता त्यांचाच हात फिरलाय ओळीवरून, सगळी शाई फासली गेलीय.

सासू : दाखव. अशीच फासायची. डावरी ती. शाळेत छड्या खाल्ल्या, पण हात बदलला नाही.

सून : आई, रडू नका ना. बाहेर ऐकू जाईल.

सासू : रडत नाही गं. जिवंत आहे म्हणायची ती अजून.

कारकून : आजी, मग अर्जाचं काय करू?

सासू : लिही. पण नजरचूक-बिजरचूक काही नको. तिनं जे लिहिलंय, तेच शब्द घाल माझ्याही कागदावर.