शिवेवर दिलेला गडी

मंडळी, मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे. पुसेगावचे पाहुणे उन्हात उभे आहेत, त्यांना सावलीत घ्या. वहिनी, दादांच्या माघारी तुम्ही समोर बसलात, त्यामुळं मला बोलणं आणखी अवघड झालं. तरी बोलतो.

सरपंच साहेबांना मी आधी नाहीच म्हणालो होतो. मी गवंडी माणूस. ओळंबा धरायला सांगा, धरतो. माईक धरायचं काम माझं नव्हे, बघताय तुम्ही. पण दत्तरावदादा गेले आणि एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती आज इथं, ह्या शाळेच्या पटांगणावर सांगितली नाही, तर मला घास गोड लागायचा नाही. काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. नाही, ते राहू द्या. सांभाळून घेऊ नका. नुसतं ऐका.

नव्या पोरांना आपली कबड्डीची टीम ऐकून माहीत असेल. दादा कप्तान. दादा डाव्या कोपऱ्यात आणि त्यांच्या शेजारी मी. समोरचा गडी चढाईला आला की आम्ही दोघं हात धरायचो. त्यांचा उजवा, माझा डावा. दहा-बारा वर्षं तेच दोन हात. दादांचं घर मारुतीच्या पारापाशी, माझं बुद्धवाड्यात. रेषेच्या बाहेर मी त्यांना 'तुमी' म्हणायचो आणि रेषेच्या आत 'तू'. आता समोरचा अंगावर आलेला असताना 'दादा, तुमी जरा पाय धरता का' असं म्हणायला वेळ कुठं असतो? हसा, हसा. त्यांनाही ह्याचं फार हसू यायचं. म्हणायचे, "नामा, रेष ओलांडली की तुझी जीभ बदलते बघ."

तालुक्यात आपल्याला तोड नव्हती. मग जिल्हा वेगळा झाला, हिंगोली जिल्हा. परभणीच्या मोठमोठ्या टीमा बाजूला झाल्या. दादा म्हणाले, आता पहिली जिल्ह्याची ढाल आपल्या गावात आली पाहिजे. बराबर होतं त्यांचं. पण ढालीसाठी खेळायची वेळ आली तेव्हा आम्ही सगळे झालो होतो म्हातारे. किसनचा गुडघा सुजायचा. बळीरामचं पोट त्याच्या आधी रेषेला शिवायचं. बळीराम, रागावू नको बाबा, तू तरी आहेस अजून.

दादांची गडी पारखायची एक रीत होती. ते मैदानावर पारखत नसत. पंगतीत पारखत. कुणाच्या लग्नात, सप्त्यात आम्ही जेवायला बसलो की ते आधी उठायचे आणि हात धुवायच्या निमित्तानं बघत राहायचे. उठताना ज्यानं जमिनीला हात टेकला, तो गडी म्हातारा झाला. त्या वर्षी एका पंगतीत सगळ्यांनी हात टेकला. दादांनीसुद्धा टेकला. मी तेवढा सरळ उठलो. हे मी पाहिलं होतं आणि दादांनीही पाहिलं होतं.

मग बोलणी सुरू झाली. ह्याच लिंबाखाली. कुणाला बसवायचं, कुणाला ठेवायचं, कुठून कोवळा गडी आणायचा. कुणी म्हणे कुरुंद्याचा आणू, कुणी म्हणे शाळेतली पोरं घ्या. शेवटी ठरलं पुसेगाव. त्यांच्याकडं सुनील म्हणून पोरगं होतं, चढाईला वाऱ्यासारखं. पण पुसेगावकडं पकड करणारा नव्हता. ते म्हणाले, सुनील नेता तर आम्हाला एक पकडवाला द्या.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. गडी बदलायचा तर दसऱ्याला, शिवेवर. लोक सोनं घेऊन घरी वळायचे आणि दोन्ही टीमा तिथंच थांबायच्या. कप्तानानं कप्तानाला सोनं द्यायचं आणि सोन्यासोबत गडी द्यायचा. दिलेल्या गड्यानं मागं वळायचं नाही. त्या सांजेला त्यानं त्या गावात जेवायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, का दिला ते कुणी विचारायचं नाही.

त्या दिवशी आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी सोनं लुटत नाही, दादांना माहीत होतं. पण टीमचं काम म्हणून मी विहारातून वंदना करून तसाच शिवेवर आलो. पांढरा सदरा, पांढरा पायजमा. मला वाटलं, बळीरामला देतील. किसनला देतील. दादांनी पुसेगावच्या कप्तानाच्या हातात सोनं ठेवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "हा आमचा नामदेव," म्हणाले. बस्स. एवढंच म्हणाले.

मी गेलो. मागं वळलो नाही. पण मागं जे बोलणं झालं ते माझ्या पाठीला ऐकू आलं. आणि पुढं वर्षानुवर्षं ऐकत राहिलो. इथं बसलेल्या काहींनी म्हटलं, नामा संपला म्हणून दिला. आमच्या वाड्यातली माणसं म्हणाली, सातांमध्ये द्यायला आपलाच सापडला व्हय? काहून दिला हे सांगायची गरज हाय का? तुम्हीच सांगा मंडळी, ह्या दोन्हींतलं मी कोणतं खरं मानायचं? मी संपलो नव्हतो, हे मला माहीत होतं. मग उरतं काय? उरतं तेच, जे आमचा वाडा म्हणत होता. ज्याचा हात दहा-बारा वर्षं धरला, त्याच्याबद्दल हा संशय घेऊन मी भिंती बांधत राहिलो. फार वाईट असतो असा संशय. जेवताना शेजारी येऊन बसतो.

पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. जिल्ह्याची स्पर्धा, आपलं गाव आणि पुसेगाव समोरासमोर. मी तिकडून. इकडं दादा डाव्या कोपऱ्यात आणि माझ्या जागी नवा गडी. आमचा, म्हणजे पुसेगावचा, चढाईवाला आत गेला. आणि मला दिसलं, दादांनी शेजाऱ्याचा हात धरलेलाच नाही. उजवा हात नुसता मोकळा. आमचा गडी त्याच फटीतून निघून आला. पुन्हा गेला, पुन्हा तिथूनच आला. मला राहवलं नाही. मी रेषेच्या पलीकडून ओरडलो, "दादा, हात धर!" पुसेगावची माणसं माझ्या अंगावर धावली, की अरे तू कोणाकडून खेळून राहिला? दादांनी माझ्याकडं पाहिलं. हात धरला नाही. आपलं गाव हरलं. सुनील एका हंगामात पोलीस भरतीत लागला आणि गेला. ढाल काही आली नाही. ना गडी राहिला, ना ढाल. तुम्ही दादांना काय काय बोललात ते आठवतं ना? कप्तानाला साधी साखळी धरता येत नाही, म्हणालात. पारावर बसू दिलं नाही त्यांना चार दिवस सुखानं.

आता ऐका. दादा आजारी होते तेव्हा मी भेटायला गेलो. खोलीत आम्ही दोघंच. मी रीत मोडली. विचारलं, "दादा, काहून मलाच दिलं?"

ते उशीला टेकून जरा वर सरकले. मग म्हणाले, "पुसेगाववाल्यांनी दुसरं कोणाचं नावच घेतलं न्हाई, नामा. ते म्हणले, तुमच्यात आता एकच गडी शिल्लक हाय."

मी म्हटलं, "मग ते शिवेवर काहून न्हाई सांगितलं? लोक मला संपलेला म्हणून राहिले. आमची माणसं तुमच्यावर भलतंच बोलून राहिली."

म्हणाले, "सांगितलं असतं तर बाकीचे मोडले असते रे. त्यांना तोंडावर कसं सांगू, तुमाला कुणी फुकटबी घेत न्हाई? मला वाटलं, तू समजून घेशील."

मंडळी, मी दादांच्या पायाशी बसलो होतो, माणूस दुखण्यात होता, तरी मला राग आला. खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "दादा, बाकीच्यांची इज्जत तुमी राखली. पण ती माझ्या इज्जतीतून राखली. दरवेळी आमीच काहून समजून घ्यायचं?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "चुकलं. गावासमोर दिला, गावासमोरच सांगायला पाहिजे व्हतं. येत्या दसऱ्याला शिवेवर उभा राहून सांगतो. तोवर थांब."

दसरा यायचा आहे. दादा गेले.

म्हणून मला माझीच बाजू मांडायला उभं राहावं लागलं. आणि मला माहीत आहे, काही जण मनात म्हणत असतील, नामा मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचं घालतोय. म्हणा. माझ्याकडं साक्षीदार नाही. पण तो मोकळा हात तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. त्यावरून तुम्हीच दादांना शिव्या घातल्यात. संपलेल्या गड्याची जागा कुणी अशी रिकामी ठेवतं का? नको असलेल्या माणसासाठी कुणी ढाल घालवतं का? मी दादांना पुरतं माफ केलंय असं म्हणणार नाही. आज म्हटलं तर ते तोंडदेखलं होईल. त्यांनी तोंड उघडायला उशीर केला, आणि त्या उशिरात माझी चांगली वर्षं गेली. पण मला ते परके कधी मानत नव्हते, एवढं आता मला कळलं. ते मला कळावं म्हणून त्यांना मरणाच्या दारापर्यंत जावं लागलं, ह्याचं मला फार दुःख आहे.

आता सगळे उभे राहा. मघाशी मीही हात टेकूनच उठलो. आपण सगळेच म्हातारे झालो. दोन मिनिटं कुणी बोलू नका. आपल्या शेजारी जो कोणी असेल, कुठल्याही आळीतला असो, त्याचा हात धरा. बळीराम, तू माझा उजवा धर. डाव्या बाजूला कुणी येऊ नका. तो मोकळा राहू द्या.

दादा, रेषेच्या आत उभा आहे मी. हात धर.