तक्रारपेटी फोडल्याबद्दल

...आणि तक्रार कशाची, तर तक्रारपेटी फोडल्याची. तुम्हाला सांगतो, साधा गुरुवार होता, मी ऑफिसात, न्हावा शेवा बंदरात आमच्या पार्टीचा कंटेनर अडकलेला, का, तर कागदावर वजनाचा एक आकडा चुकला, त्याची पत्रं लिहीत बसलो होतो आणि शाळेतून फोन. मुख्याध्यापिका शर्मिलाबाई. आवाज हवामानाचा अंदाज वाचल्यासारखा. "ऋषीचे पप्पा ना? तुमच्या मुलाने शाळेची मालमत्ता फोडली आहे. लगेच या." म्हटलं, काच? तर म्हणे, "नाही. तक्रारपेटी."

सातवीतला मुलगा हो. पायावर मुंगी चढली तर ती उतरेपर्यंत पाय न हलवणारा.

रिक्षा मिळवून वाशीला शाळेत पोचलो तर टेबलावर पेटी. पुढची दोन्ही कुलपं शाबूत आणि मागची फळी सुटी. फोडली कुठे, उघडली होती. स्टीलच्या पट्टीने चार स्क्रू काढले आणि ते ओळीत मांडून ठेवले. असं कोण फोडतं, मला सांगा? आणि ऋषी भिंतीला टेकून उभा, मुठीत कागद.

बाई म्हणाल्या, "हल्ली फार हट्टी झालाय. त्रास असेल तर सांगायची सोय आहे ना आपल्याकडे." कुठे, म्हटलं. त्यांनी बोट दाखवलं. पेटीकडे. कारभार चोख, तुम्हाला सांगतो.

मुठीतले कागद घेतले. चौदा चिठ्ठ्या. जूनपासूनच्या. वर्गातला प्रीतम आणि आणखी दोघं मधल्या सुट्टीत याचा डबा हिसकावून वर धरतात, हा उड्या मारतो, आणि ते म्हणतात, "जा, मम्मीला सांग." आता अरुणा, माझी बायको, मे महिन्यात गेली. वर्गात सगळ्यांना ठाऊक. ठाऊक असूनही म्हणत होते असं नाही हो... ठाऊक होतं म्हणूनच म्हणत होते.

मग माझा आवाज चढला. वर्गशिक्षिका नमितामॅडम म्हणतात, "सर, मस्करी करतात हो मुलं, आणि प्रीतम तसा चांगल्या घरचा आहे." म्हणजे आम्ही कुठले, पुलाखालचे? म्हटलं, समुपदेशक आहेत ना तुमच्याकडे? आहेत की. बुधवारी येतात. एक बुधवार आड. कालचा बुधवार आडातला. म्हणजे मुलाने रडायचं ते वेळापत्रक बघून. कारभार चोख.

मी टेबलावर हात आपटला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि म्हटलं, पाच महिने ही पेटी उघडली का नाही? कोण जबाबदार? मला नाव पाहिजे, लेखी पाहिजे. दारात शिपाई वामनमामा उभे होते, ते म्हणाले, "सायेब, तिला दोन कुलपं हायेत. एक चावी हापिसात, एक पालक प्रतिनिधीकडं. दोघांनी मिळून शनवारी उघडायची."

म्हटलं, मग बोलवा त्या पालक प्रतिनिधीला. घरी चावी घेऊन झोपा काढतोय का?

वामनमामा पेटीकडे बघायला लागले. "आपल्या म्याडमच व्हत्या ना, सायेब. अरुनाम्याडम. चावी घरीच असंल तुमच्या. त्या टायमाला मागायला कोन येनार?"

घरी. दाराआड खुंटीला तिची पर्स आहे, चावी त्यातच असणार. मेपासून मी तिला हात लावलेला नाही. बहीण म्हणाली, दादा, आवरून टाक. मी म्हटलं, बघू. म्हणजे नाव पाहिजे होतं ना मला, लेखी... मिळालं.

मी ऋषीला विचारलं, तू मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "ते मम्मीला सांग म्हणायचे. मग सांगत होतो."

आणि आजच का उघडलीस? तर नवीन पालक प्रतिनिधी नेमल्यात. प्रीतमच्या आई. शनिवारी कुलूप तोडून त्या पेटी उघडणार होत्या. प्रीतमने वर्गात तसं जाहीरच केलं होतं, "आता तुझ्या तक्रारी माझी मम्मी वाचणार." त्याआधी याला आपली पत्रं परत हवी होती, बस. बाईंना हे सांगितलं, तर म्हणतात, "तुमचं बरोबर आहे, पण नवीन पेटी येईपर्यंत तक्रार कुठे टाकायची ते अजून ठरलेलं नाही."

मी घरी आलो, अर्ज लिहिला. मला दुसरं येतं काय? शाळेला एक, शिक्षणाधिकाऱ्यांना एक, एक प्रत स्वतःला. चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स जोडल्या. प्रत्येक चिठ्ठीच्या वर 'प्रति, मम्मी' लिहिलेलं, ते झेरॉक्समध्ये नीट आलंय का ते पाहिलं. आवक क्रमांक घेतले, शिक्के घेतले, सगळीकडून पोच घेतली. आता माझाही कारभार चोख आहे, तुम्हाला सांगतो. ऋषीशी बोलणं तेवढं अजून झालेलं नाही.