काखेतले डाग

मी सुभद्रा, पोरी. माहेर महागावकडचं, सासर दारव्ह्यातलं, अन् दोन्हीकडे धंदा एकच, लोकायचे कपडे धुनं अन् इस्त्री करनं. बापानं मले बाकी काही शिकवलं नाई, पन पांढरा कपडा कसा राखाचा ते शिकवलं. काखेतला पिवळा डाग लय हट्टी असते पोरी. लोक ब्लीच ओततात, त्यानं तो आनखी पिवळा होते. अन् डागावर गरम इस्त्री फिरवली का मंग जल्मभर जात नाई. सदरा उलटा कराचा, थंड्या पान्यात बुडवाचा, खायच्या सोड्यात लिंबू पिळून तो लेप काखेत चोळाचा, घंटाभर ठेवाचा, मंग धुवून उन्हात टाकाचा. अन् डाग पडूच द्याचा नसन तं आंघोळीनंतर काखेत तुरटी फिरवाची, वाळू द्याची, आतून बनियन घालाची, अन् घामाचा सदरा त्याच दिवशी भिजू घालाचा. दुसऱ्या दिवसावर ठेवाचाच नाई. याच एका सवयीनं माया घात केला, काय सांगू तुले.

कापसाचे ते वाईट वर्सं होते. भाव नाई म्हनून लोकायच्या हातात काही नाई, अन् हात रिकामा झाला का मानूस पयले इस्त्री बंद करते. तवा आमचे हे, गणपत त्यायचं नाव, मजुरीनं फवारणीले जाऊ लागले. पांढरा सदरा घालूनच जात. मी म्हनो, अवो, जुनंपानं काही घाला. तं म्हनत, धोब्या-वरठ्याचा मानूस मळका दिसला तं तुयाकडे कपडे कोन टाकन? त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती. पाठीवर पंप, अन् मारलेलं औषध वरून आंगावरच येये.

पयल्या दिवशी काखेत तळहाताएवढा डाग. मी म्हनलं, भादव्याचं ऊन हाय. मंग बरगडीपर्यंत. तुरटी देल्ली, दोन बनियना घातल्या, तरी चौथ्या दिवशी घाम कमरेपर्यंत उतरला, डागाचा काठ हिरवट, अन् वास घामाचा नाई, डोकं धरन असा. मायी बोटं चुरचुरत. मी थट्टा करो, आंगात नळ फुटला काय तुमच्या? हे हसत, अन् हसताहसता तोंडातून लाळ येये, ते दुपट्ट्यानं पुसत. अन् मी रोज सदरा भिजू घालो, रोज डाग काढो. दुप्पट सोडा लागे, पन काढो. मले गर्व होता पोरी, का असा डाग साऱ्या दारव्ह्यात दुसऱ्या कोनाले निघनार नाई.

सातव्या दिवशी हे दुपारीच परत आले. म्हने, सुभद्रे, दार कुठी हाय? दारातच उभे होते. मी सदरा काढून टबात टाकला, धुतलेला घातला, अन् दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं इचारलं, काय काम करता? हे म्हने, इस्त्री. फवारणीची लाज वाटे त्यायले. मीही बोलली नाई. डॉक्टरनं पांढरा सदरा पाह्यला, ऊन लागलं असन म्हने, सलाईन लावली, घरी धाडलं.

घरी शेजारचे रशीदभाई आले, त्यायचं पंप दुरुस्तीचं दुकान हाय. ह्यायचे हात थरथरताना पाह्यले अन् म्हने, भाभी, हा पसीना नाई, हे जहर हाय. पंप गळून राह्यला होता, मी वायसर बदला म्हनलं होतं. सदरा दाखवा, वासावरून औषध सांगतो. दोनच सदरे होते ह्यायचे. एक आंगात, एक टबात, तोही मी घरी आल्याबरोबर चोळून काढला होता. दोन्ही पांढरे, कायचाच वास नाई. रशीदभाई म्हने, या अल्ला, तुम्ही तं सारंच धुवून टाकलं!

मंग ते गाडीवर वावरात गेले, धुऱ्यावरून, बांधावरून, औषधाची रिकामी बाटली आनली, ती घेऊन पुन्हा दवाखाना. बाटलीवरचं नाव वाचून डॉक्टरनं इंजेक्शनं देल्ली. हे वाचले. पन नजर पुरी परत आली नाई, अन् हातात इस्त्री ठरत नाई.

आता पुन्हा भादवा लागला. परवा गठड्यात एका जवान मानसाचा सदरा आला, घाम कमरेपर्यंत, काठ हिरवट. मी तो भिजू घातला नाई, कागदात गुंडाळून तसाच त्याच्या घरी नेला. त्याची बायको भाकरी करून राह्यली होती. हसली, म्हने, काहून मावशी, तुमच्यानंही डाग निघत नाई काय? मी म्हनलं, डाग निघते वं बाई, तुया नवरा कुठी हाय? म्हने, कुठी म्हनजे, फवारणीले. मी म्हनलं, चूल इझव, मले वावर दाखव.

तो पंप उतरवाले तयार नाई. म्हने, एवढी ओळ होऊ दे मावशी, तुम्ही कपडे धुवा. मी बाटली हुडकली अन् धुऱ्यावर बसली. दुसऱ्या ओळीले तो स्वताच आला, डोळे चोळत. दवाखान्यात हाय आता. बाटली मी डॉक्टरच्या हातात देल्ली, सदराही देल्ला, तसाच मळका. देव त्याची नजर राखो. बाकीचं त्याची बायको अन् मी पाहून घेऊ.