थोरलीची सातवी टाकी

बंदर पोलीस ठाणे. गुरुवार, सकाळची वेळ.

मी, खाली सही करणार, वय एकसष्ट, धंदा निवृत्त शिक्षिका, शिक्षण कॉन्व्हेंट शाळेत, राहणार बंदराच्या चढावरील शेवटची इमारत, दुसरा मजला, समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. पतींचे वय सत्तर. ते तेलवाहू जहाजावर कप्तान होते. आम्हाला मूलबाळ नाही.

नोकरीची शेवटची बरीच वर्षे ते एकाच टँकरवर होते. त्या जहाजाला ते घरात 'थोरली' म्हणत आणि मला 'धाकटी'. निघताना म्हणायचे, "धाकटे, थोरलीकडे जाऊन येतो. भांडू नकोस." मी म्हणायची, "सवतीला माझा नमस्कार सांगा." थोरलीच्या दोन सफरींना मी त्यांच्यासोबत होते. कप्तानाच्या खोलीत गोल खिडकीशी मी कुंडीत एक वेल लावला होता. तो पुढे बरीच वर्षे जगला, असे ते सांगत.

जहाज मोडीत निघाले तेव्हा आम्ही दोघांनी मनाची तयारी केली होती. मग गोदीने ते व तसलेच दुसरे जहाज विकत घेतले. दोन्ही एकामागे एक जोडून, डेकवरच्या खोल्या कापून, सपाट धावपट्टी टाकायची आणि खोल समुद्रात उभे करायचे, म्हणजे मोठी मालवाहू विमाने त्यावर उतरतील, असे काम निघाले. पतींना सल्लागार म्हणून बोलावले. आमची खोली कापून क्रेनने उचलली त्या दिवशी ते लवकर घरी आले. मी विचारले, तर म्हणाले, "थोरलीचे केस कापले. विमानं बसणार आता डोक्यावर."

कामाची पद्धत मला ठाऊक आहे ती अशी. जहाज तरते राहावे म्हणून तेलाच्या टाक्या रिकाम्या करून कायमच्या बंद करायच्या. टाकीच्या तोंडाशी एक फळी असते. आत उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला तिच्यावर टांगायचा, वर आला की काढायचा. फळी रिकामी झाली की मुकादम तोंडाशी वाकून तीन हाका मारतो, मग झाकण बसते, वेल्डिंग होते आणि वर धावपट्टीचा पत्रा चढतो.

पतींचा बिल्ला फळीवर कधी नसे. मुकादम पूर्वी त्यांच्याच हाताखाली खलाशी होता. त्या लोकांत कप्तानाची मोजदाद करत नाहीत. सगळे उतरल्यावर उतरतो तो कप्तान, त्याला माणसांत मोजले तर जहाजाला धनी उरत नाही, असे ते मानतात. गोदीच्या मॅनेजरांनी पतींसाठी बिल्ला करवून घेतला होता. मुकादमाने तो आमच्या घरी आणून दिला आणि म्हणाला, "वहिनी, हा तुम्हीच ठेवा. साहेबांना फळीवर टांगायचा माझा हात व्हायचा नाही." पती हसले व म्हणाले, "ठेव ग, कपाटाच्या किल्लीला होईल." तो किल्लीलाच आहे. सोबत आणला आहे.

टाकी बंद होण्याआधी पती स्वतः खाली उतरून भिंतींवर हातोडी ठोकत व पोलादाला कान लावत. कुठे तडा असला तर त्यांना कळत असे. त्यांना कमी ऐकू येते. कानातले यंत्र पत्र्याला टेकले की शिटी मारते, म्हणून ते काढून खिशात ठेवत. मी म्हटले होते, "बहिऱ्यानं कसलं ऐकायचं?" ते म्हणाले, "हाडानं ऐकतो मी."

मंगळवारी सकाळी ते डबा न घेता निघाले, कारण दुपारी जेवायला येणार होते. नंतर मी त्यांचे केस कापणार होते. मी खिडकीशी खुर्ची ठेवली, टॉवेल व कात्री काढून ठेवली. ते आले नाहीत. संध्याकाळी मी गोदीत फोन केला. मॅनेजर म्हणाले, "साहेब दुपारच्या लाँचने गेले असतील, बाई." जहाजावरून माणसे किनाऱ्याला आणणारा लाँचवाला मला ओळखतो. तो म्हणाला, "साहेब माझ्या शेजारीच बसतात. आज ती जागा रिकामी होती." तेव्हापासून गोदीचे लोक पाण्यात शोध घेत आहेत. पती पाय घसरून समुद्रात पडले असावेत, असे त्यांचे म्हणणे आहे.

बुधवारी सकाळी एक वेल्डर घरी आला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले पतींचे चामडी बूट होते. तो म्हणाला, "मंगळवारी सातव्या टाकीच्या तोंडाशी होते. ठिणग्या उडून जळतील म्हणून मुकादम यायच्या आधीच मी ते उचलून कचेरीत ठेवले, बाई. पॉलिश केलेले होते." टाकीत उतरण्यापूर्वी पती चामडी बूट काढून कॅनव्हासचे घालतात आणि वर आल्यावर पुन्हा बदलतात. कॅनव्हासचे बूट घालून ते कधी रस्त्याने चालत नाहीत. ती त्यांची जुनी सवय आहे.

वेल्डर बोलत असतानाच मुकादम वर आला. बूट पाहून तो दारातच खाली बसला. तो म्हणाला, "वहिनी, फळी रिकामी होती. मी तीन हाका मारल्या. नुसता घुमारा आला." ती टाकी आमच्या शाळेच्या प्रार्थनागृहाएवढी उंच आहे. तिथे कोपऱ्यात कोणी भिंतीला कान लावून उभे असेल तर वरून दिसत नाही. मुकादम तिथून सरळ आपल्याकडे हजर झाला, हे आपणास ठाऊक आहे.

झाकण जोडताना आतून ठोकल्याचा आवाज आला होता का, हे मी वेल्डरला विचारलेले नाही. आपणही माझ्यासमोर विचारू नये.

मी मॅनेजरांना भेटले. ते म्हणाले, "रविवारी पहिलं विमान उतरतंय. नुसत्या शंकेवर धावपट्टी कशी कापू?" गंज धरू नये म्हणून मंगळवारी संध्याकाळीच त्या टाकीत वायू सोडला आहे, असेही त्यांनी सांगितले. त्या वायूत श्वास घेता येत नाही, हे त्यांना सांगावे लागले नाही. मी कप्तानाची बायको आहे.

माझी मुकादमाविरुद्ध तक्रार नाही. वेल्डरविरुद्धही नाही. दोघांनी मान राखला, इतकेच केले. मुकादम बाहेरच्या बाकावर बसला आहे. त्याला कोणी चहा विचारलेला नाही, तो विचारावा.

माझी मागणी एकच आहे. रविवारच्या आत सातवी टाकी उघडावी. थोरलीकडे ते आयुष्यभर राहिले, मी कधी अडवले नाही. आता त्यांना घरी पाठवावे. त्यांच्या डोक्यावर विमाने उतरू नयेत.

बूट व बिल्ला पंचांसमक्ष जमा करण्यास माझी हरकत नाही. मात्र झाकण कापण्याआधी तो बिल्ला फळीवर टांगावा. मुकादमाचा हात होणार नाही, मी टांगीन. ते वर येईपर्यंत तो कोणी काढू नये. बूट तोंडाशीच ठेवावेत.

लिहिलेले सगळे मला ठाणे अंमलदारांनी सावकाश वाचून दाखवले. मी सांगितले तसेच ते आहे, खरे आहे. चष्मा घरी राहिला असल्याने सही कुठे करायची ती जागा त्यांनी बोटाने दाखवली, तिथे सही करत आहे.