चहा उत्तम

मुलगी : उठलात! बाबा, परत उठलात तुम्ही!

वडील : कुठे उठलो? जरासा पुढे सरकलो.

मुलगी : मी अजून दारातून आतसुद्धा आले नाही. नुसतं नमस्कार म्हणाले, तर तुम्ही खुर्ची सोडून उभे!

वडील : दारात कुणी येऊन नमस्कार केला तर काय ढिम्म बसून राहू? जन्मभर हॉटेलात वेटर होतो मी. पुतळा नव्हतो.

आई : तेच तर झालं ना मागच्या वेळी. भत्त्याचे साहेब तुमचं अपंगत्व तपासायला आले, आणि तुम्ही त्यांना गिऱ्हाईक समजलात. खुर्ची ओढून दिलीत, टेबल पुसलंत, एका हातावर ट्रे तोलत चहा आणलात. काय लिहिलं होतं गं त्यांनी अहवालात?

मुलगी : 'अर्जदार हसतमुख व चपळ. चहा उत्तम.'

वडील : होताच उत्तम.

आई : आणि भत्ता नामंजूर!

वडील : अपिलात मिळाला की नंतर.

आई : मिळाला, म्हणूनच आता फेरतपासणी. खरंच गरज आहे का, ते बघायला आज परत येतायत. आणि येणारच. तुम्हीच आमंत्रण दिलंय. साहेब जिना उतरत होते, तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याखाली आडवे, पाय पार गेलेले, आणि तिथून ओरडताय, 'पुन्हा या साहेब!'

वडील : जिभेचं वळण असतं गं ते.

मुलगी : चला, पहिल्यापासून. मी साहेब. आई, तू मध्ये बोलायचं नाहीस.

आई : मी कशाला बोलतेय?

मुलगी : नमस्कार. कसे आहात?

वडील : एकदम मजेत!

आई : गेला भत्ता.

मुलगी : आई!

आई : अगं पण मजेत? पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून पाय कधी दगा देतील त्याचा नेम नाही, पायमोजे मी चढवते, आणि हे मजेत! अहो, निदान कण्हा तरी जरा.

वडील : दुखत नसताना कण्हू?

आई : दुखत नाही?

वडील : आत्ता नाही. म्हणजे, फार नाही.

आई : मग फार नाही एवढंच कण्हा.

वडील : हे बघ, मी काही नाटक कंपनीत नाही.

मुलगी : नाटक तुम्ही रोज करता बाबा. बरं असल्याचं. आई, कण्हायबिण्हायचं काही नाही. वाढवायचं नाही, लपवायचंही नाही. आहे तेवढं सांगायचं. पुढचा प्रश्न. किती अंतर चालू शकता?

वडील : कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत. आरामात.

मुलगी : शेवटचे कधी गेला होतात?

वडील : हल्ली तोच येतो घरी.

मुलगी : का?

वडील : आवडतं त्याला यायला. गप्पा होतात.

मुलगी : बाबा.

वडील : गेलो होतो गं एकदा. पोचलो छान. पण परत निघायला पायच उचलेना. दुकान भरलेलं, खुर्ची अडवून किती वेळ बसणार? मग दाढी झाल्यावर म्हटलं, परत एकदा कर.

आई : त्या दिवशी! तरीच गाल लालभडक. मला म्हणालात, ऊन लागलं.

वडील : होतं की ऊन. थोडंसं.

मुलगी : हे सांगा साहेबांना. अगदी असंच.

वडील : दाढीचं? हसतील ते.

मुलगी : हसू देत. पुढचा प्रश्न. घरात एकटे असताना पडलात तर काय करता?

वडील : पडत नाही मी.

आई : आता मात्र मी बोलणार. मी लॉन्ड्रीत कामाला जात होते तेव्हा हे मोरीत पडले. शेजारच्या भावजींनी आवाज ऐकून दार वाजवलं. तर आतून हे काय म्हणतात? 'काही नाही हो, आराम करतोय!' आणि ते गेले निघून. मी संध्याकाळी येईपर्यंत हे ओल्या फरशीवर.

वडील : खोटं काय बोललो? आडवाच होतो.

आई : हसू नका. दर वेळी हसण्यावारी नेता. भत्ता आला म्हणून मी ती नोकरी सोडून घरी थांबले. तो गेला तर उद्या परत धरावी लागेल, आणि तुम्ही दिवसभर इथे एकटे. तिथे चादरी इस्त्री करताना माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. सारखं वाटायचं, आत्ता पडले असतील, आत्ता कुणाला तरी मजेत म्हणत असतील. भीती वाटते मला. स्पष्टच सांगते.

मुलगी : बाबा, बोला काहीतरी.

वडील : काय बोलू? अपील कसं जिंकलो ते आठवतंय ना तुम्हाला?

मुलगी : न आठवायला काय झालं? तिथेही उठलात तुम्ही.

वडील : अगं, तिघं मोठी माणसं समोर बसलेली, मध्ये पाण्याचा जग भरलेला, आणि कुणी कुणाला ओतून देईना. मला बघवेना. उचलला. पाय गेले. अख्खा जग त्यांच्या फायलींवर.

मुलगी : त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून तर जिंकलो आपण.

वडील : हो. बाहेर आल्यावर तुम्ही दोघी आनंदाने रडलात. मीही रडलो. पण मी दुसऱ्याच कारणाने रडत होतो. जेवणाच्या गर्दीत भरलेले ट्रे डोक्यावरून नेले मी, पोरं पायात यायची, तरी थेंब सांडला नाही कधी. आणि सांडलं ते तिथे. लाज वाटली गं. अजून वाटते. पाय गेले ते एक वेळ चाललं. पण दारात माणूस आला आणि मी बसूनच राहिलो, तर मग मी कोण उरलो?

आई : आमचा उरलात. अहो, इतकी वर्षं सगळ्या जगाला बसा, बसा म्हणालात. एकदा स्वतःला म्हणून बघा.

वडील : बघतो.

आई : बघतो नाही. नाहीतर साडीने बांधते खुर्चीला.

(दाराची घंटा वाजते.)

मुलगी : आलेसुद्धा! वेळेआधीच!

वडील : माझं फडकं दे गं.

आई : टेबल पुसायचं नाही!

वडील : पुसत नाही. नुसतं हातात धरतो.

मुलगी : या सर, या. बाबा इथे आहेत.

अधिकारी : नमस्कार! ओळखलंत ना? मागच्या वेळी मीच आलो होतो. खरं सांगू, तुमचा तो चहा अजून आठवतो मला.

आई : अहो...

वडील : बसलोय गं. बसलोय.

अधिकारी : मग, कसे आहात?

वडील : एकदम म... नाही साहेब. बरा नाही मी. ती खुर्ची तुमची तुम्हीच ओढून घ्या. मला उठता येत नाही.

अधिकारी : अं? हो, हो. घेतो ना मी.

वडील : चहा आज ही आणेल. माझ्यासारखा होत नाही हिचा. पण सांडत नाही.