फळ्यावरचं खालचं नाव

मंडळी, आज एक साधाच प्रश्न घेऊन उभा आहे. माणसाचं काम मोजता येतं का?

लगेच माना हलवू नका. ‘येतं’ म्हणणारेही हलवताहेत आणि ‘येत नाही’ म्हणणारेही. मला या चष्म्यातून दोन्ही माना सारख्याच दिसतात. विहीर खणणाऱ्याचं काम हातांवर मोजतात, शिंप्याचं कपड्यांवर, आणि कीर्तनकाराचं, समोरची किती माणसं जागी आहेत त्यावर. त्या मापाने माझं काय होतं, ते पेटीवाल्या रामभटांना विचारा. ते नेहमी जागे असतात, कारण त्यांचा नाइलाज आहे.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. समजा, काम मोजता आलं. मग ते एकट्या माणसाचं म्हणून वेगळं काढून मोजता येतं का? हे याचं, हे त्याचं, अशी रेघ मारता येते का?

मघाशी मंदिर समितीचे अध्यक्ष हळूच म्हणाले, बुवा, पुराणातलं आख्यान सोडून हे काय काढलंत? त्यांचंही बरोबर असेल. पण देवाला फक्त पुराणातलीच माणसं आवडतात, असं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. माझं वाचन तेवढं पुरलं नसेल. तेव्हा चुकलो तर पदरात घ्या, आणि ऐका.

पुण्याला एक हेरंब साठ्ये. मोठे अर्थशास्त्रज्ञ. माणूस मनाने चांगला, डोक्याने त्याहून चांगला, आणि व्यवस्थेचं वेड इतकं, की स्वतःच्या लग्नातही गप्प बसवेना! डोक्याला मुंडावळ्या, आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर हे पंगतीचा नकाशा काढताहेत. वाढप्यांनी कुठून शिरायचं, कुठे वळायचं, कुणी कुणाला आडवं जायचं नाही. म्हणे, यात वेळ फार वाचतो. वाचला की! एका रांगेला जिलबी वाढून वाढून लोक पानावर आडवा हात धरायला लागले, आणि पलीकडच्या रांगेला मीठ आणि लिंबाच्या पुढे काही दिसेना. सासरे म्हणाले, जावई हुशार आहेत यात शंका नाही. पण धाकटीच्या लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला जेवायला बसवा आणि जागचे उठू देऊ नका.

हसू नका. हाच माणूस पुढे विलायतेत शिकून आला आणि त्याने एक खरंच मोलाचा प्रश्न विचारला. दोन कारखाने असतात. यंत्रं तीच, माल तोच, माणसंही त्याच गावची. तरी एकातून माल दुप्पट निघतो आणि दुसऱ्यातून निम्मा. असं का? साठ्ये म्हणाले, फरक व्यवस्थेचा. जागा स्वच्छ ठेवा, उजेड द्या, कोण किती काम करतो ते रोज बघा, करणाऱ्याची पाठ थोपटा, मागे पडणाऱ्याला शिकवा. आता यात चूक काय आहे? काहीच नाही. आपल्या मंदिराची भांड्यांची खोली पाहिल्यापासून तर मला ते फारच पटतं.

हे सिद्ध करायला ते कोकणात गेले. वेंगुर्ल्याच्या अलीकडे एका गावात दत्ताराम कुबल यांचा काजूचा कारखाना होता. काजूची बी फोडून आतला गर भट्टीत तापवून झाला की वरची तांबूस साल हाताने सोलावी लागते. ते काम बायकांचं. जमिनीवर रांगेने बसायचं, पुढ्यात स्टीलचं ताट, हातात छोटी सुरी. साठ्ये गेले तेव्हा अंधार, जिकडेतिकडे टोपल्या, आणि मधून कोंबडी फिरतेय. त्यांनी भिंतीत खिडक्या पाडल्या, बसायला पाट दिले, टोपल्यांना जागा दिली. कोंबडीलाही दिली, बाहेर.

आणि भिंतीवर एक फळा लावला. रोज संध्याकाळी प्रत्येकीचं ताट काट्यावर ठेवायचं आणि नाव लिहायचं. सर्वांत जास्त सोलणारी वर, सर्वांत कमी सोलणारी खाली.

खालचं नाव पहिल्या दिवसापासून एकच. इंदू मेस्त्री. ही पूर्वी काजू फोडायला बसायची. काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. तिच्या उजव्या हाताची बोटं त्याने भाजून आखडली होती. सुरी नीट धरता येत नसे. साठ्यांनी तिच्यासाठी खास शिकवणी लावली. पुण्याहून एक पदवीधर मुलगी आली, तिने इंदूला सुरी कशी धरायची ते चित्रं काढून शिकवलं.

आणि काय आश्चर्य! थोड्याच दिवसांत इंदूचं ताट जड व्हायला लागलं. पावसाळा संपेपर्यंत ती सगळ्यांच्या बरोबरीला. फळ्यावर वर कोण आणि खाली कोण, हे सांगता येऊ नये इतकी सगळ्यांची वजनं सारखी.

साठ्यांनी निबंध लिहिला. मागे पडणारा कामगार नीट शिकवला तर बरोबरीला येतोच, हे त्यांचं म्हणणं. त्यात इंदूचा आलेख होता, खालून वर चढत गेलेली रेघ. नाव नव्हतं, विद्वानांच्या निबंधात माणसाला नाव नसतं, ती तिथे ‘कामगार क्रमांक अकरा’ झाली. ही अकरा नंबरची बाई तीन खंड फिरली, मंडळी. मोठमोठ्या सभागृहांत भिंतीएवढी दिसली. स्वतः मात्र कुडाळच्या पुढे गेली नव्हती.

आता विद्वान एक वाक्य लिहितो आणि व्यवहारी माणूस त्याच्यापुढचं वाक्य लिहितो. शिकवल्यावर प्रत्येक जण बरोबरीला येतो ना? मग शिकवूनही जो येत नाही, तो आळशी! असा नियम एका मोठ्या कारखान्याने केला, मग दुसऱ्याने. तीन महिने शिकवा, तरी जमलं नाही तर घरी पाठवा. दत्तारामशेटनी तर तो नियम सुंदर अक्षरांत लिहून, चौकट करून, गणपतीच्या तसबिरीशेजारी लावला. गणपती जरा एका बाजूला सरकवावा लागला.

पुढे साठ्यांचं पुस्तक निघायचं ठरलं. ज्या संस्थेत ते होते तिचं प्रमुखपदही त्यांच्याकडे येणार, असं सगळे म्हणत होते. पुस्तकात अकरा नंबरच्या बाईचा फोटो हवा, म्हणून ते न कळवता कारखान्यात पोचले. शेट सावंतवाडीला गेलेले. साठ्ये दाराशी स्टुलावर बसले; मान खाली घालून सोलणाऱ्या बायकांचं तिकडे लक्षच नव्हतं. वजनाची वेळ जवळ आली होती.

तेवढ्यात शेवंता राऊळ, म्हणजे त्या रांगेची मुकादम, जराशी खाकरली. कुणी मान वर केली नाही. पण एकेकीने आपल्या ताटातून पसाभर काजू उचलला आणि शेजारणीच्या ताटात टाकला, तिने त्यात आपला घालून पुढे सरकवला. तो सगळा काजू सरकत सरकत इंदूच्या ताटात आला. बोलणं चाललंच होतं. कुणाच्या तरी म्हशीचं चाललं होतं.

साठ्ये उठून उभे राहिले. त्यांच्या तीन खंड फिरलेल्या रेघेचं काय झालं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी विचारलं, हे कधीपासून?

शेवंता काही दबली नाही. माझी मालवणी कच्ची आहे, इथे कुणी त्या भागातलं असेल तर कानाआड करा. ती म्हणाली, “साहेबानू, तुमी फळ्यार नावां लिवलास. एक नाव नेमी सगळ्यात खाली. वाचूक बरा दिसा नाय. म्हणान आमी खालचा नावच ठेवला नाय.”

कळलं ना? फळ्याआधी असलं काही नव्हतंच! ज्याने मापायला दोरी आणली, त्याच्या दोरीनेच माप हललं.

पण साठ्ये पडले शास्त्रज्ञ. त्यांना वाटलं, यात काहीतरी हिशेब असणार. माणूस उगीच आपला काजू दुसऱ्याला देत नाही. इंदूचा काहीतरी गुप्त उपयोग असेल. मग त्यांचं संशोधन सुरू. ती सुऱ्यांना धार लावून देते का? नाही, धार ज्याची तीच सहाणेवर लावते. कुणाची पोरं सांभाळते का? तिचीच तिला आवरत नाहीत. मग गात असेल. गाण्याने काम हलकं होतं, असं एका परदेशी निबंधात आहे. शेवंता म्हणाली, “इंदूक गाऊक येयना.” हे ऐकून मला त्या बाईबद्दल फार जवळीक वाटली.

शेवटी साठ्ये कळवळून म्हणाले, मग तुम्ही तिला देता तरी का?

शेवंताला प्रश्नच समजला नाही. तिने इंदूकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, “ती आमच्या रांगेत बसता.”

संपलं. याच्यापुढे शास्त्र नाही. गोकुळात काला होतो तेव्हा कुणाच्या शिदोरीत सायीचं दही असतं, कुणाच्या फडक्यात शिळी भाकरी. सगळं एकत्र कालवलं आणि देवाने तोंडात घातलं. यातला घास कुणाचा, असं देवाने विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होतो आपण?

पण साठ्यांपुढचा पेच अजून सुटला नव्हता. खरं सांगितलं तर इंदू नियमात अडकते, आणि नियम तर त्यांच्याच शास्त्रातून निघालेला. खरं लपवलं तर त्या मोठ्या कारखान्यांतून, ज्यांच्या शेजारी शेवंता बसत नाही अशी माणसं घरी जातच राहणार. इंदूला बाकी काही नाही तरी एवढं कळलं होतं, की साहेबाच्या हातात आता आपली जागा आहे. ती जवळ आली आणि म्हणाली, “साहेबानू, माका फळ्यार खाली घाला. पण रांगेतसून उठवू नकात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साठ्ये आले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाले, मलाही एक ताट द्या. रांगेच्या टोकाला, इंदूच्या पलीकडे बसले. इतकी वर्षं ज्या कामावर लिहिलं, ते हातांनी करून तरी पाहावं, एवढाच विचार. त्यांनी सोललेला काजू अख्खा राहीना. साल नखात शिरे. बायका त्यांच्याकडे न बघता हसत होत्या. शेवंता म्हणाली, पुण्याच्या त्या पोरीने चित्र काढलेलं आहे, देऊ का? संध्याकाळी ताटात काय, तर तुकडे आणि थोडी लाज.

शेट परत आले होते. ते पाठमोरे होऊन काटा मांडू लागले. आणि शेवंता खाकरली.

साठ्ये खाली मान घालून बसले होते. त्यांच्या ताटात खळकन काही पडलं. मग परत. मान वर केली, तर रांगेतून काजू येत होता, या टोकाकडे. सगळ्यांत शेवटी इंदूने आपला पसा टाकला. तिची बोटं पुरती मिटत नव्हती, त्यामुळे चार दाणे वाटेतच सांडले. ते तिने वेचले आणि तेही टाकले.

मंडळी, या माणसाला मानपत्रं मिळाली होती, शाली मिळाल्या होत्या. पण काहीच न जमता काही मिळावं, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. काट्यावर साठ्यांचं ताट सगळ्यांच्या बरोबरीचं भरलं. शेट खूश! म्हणाले, “वा साहेब, पहिल्याच दिवशी? शिकवणी आपलीच म्हणा.”

साठ्यांचे डोळे भरले होते. त्यांनी तिथेच, सगळ्यांदेखत, शेटना सगळं सांगितलं. शेटनी चौकटीकडे पाहिलं, गणपतीकडे पाहिलं. नियम म्हणजे नियम, असं काहीतरी पुटपुटले. तेव्हा शेवंता म्हणाली, “मगे साहेबांकय काढा. तेंच्या ताटात तर कायच नाय होता.”

दत्तारामशेट व्यापारी माणूस. दिवाळीचा माल जायचा होता, आणि अख्खी रांग सुऱ्या खाली ठेवून त्यांच्याकडे बघत होती. शेट म्हणाले, “माझे डबे भरतायत ना? मग कुणाच्या हाताने भरतायत ते मला कशाला? पुसा तो फळा.” चौकट खाली आली, गणपती मूळच्या जागी गेला, आणि इंदू आपल्या पाटावर जाऊन बसली.

साठ्ये पुण्याला गेले. भरल्या सभागृहात, ज्यांनी त्यांना प्रमुख करायचं त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “ही रेघ माझ्या शिकवणीने वर गेलेली नाही. अकरा नंबरच्या बाईचं नाव इंदू मेस्त्री. ती अजूनही हळूच सोलते. माझा निष्कर्ष मी मागे घेतो.” कुणीतरी विचारलं, मग नवा निष्कर्ष काय? ते म्हणाले, “मला अजून माहीत नाही.” अर्थशास्त्रज्ञाच्या तोंडून हे वाक्य त्या सभागृहाने प्रथमच ऐकलं असावं. प्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. नियम करणाऱ्या त्या दोन मोठ्या कारखान्यांपैकी एकाने तो मागे घेतला. दुसऱ्याने नाही घेतला. देवळात उभं राहून मी खोटं कशाला सांगू?

मग काम मोजू नये का? अहो, मोजा की. खिडक्या पाडा, टोपल्या जागेवर ठेवा. मी काही अडाणीपणाचं कीर्तन करत नाही. निदान तसा हेतू नाही. पण तुमचं ताट काट्यावर भरलेलं दिसलं, तर क्षणभर थांबा आणि विचारा, यात पसे कुणाकुणाचे? तुमच्या शेजारी कोण बसलं होतं? कुणाची बोटं न मिटता तुमच्यासाठी पुढे आली होती?

आता शेवटचं सांगतो आणि खाली बसतो. धीर होत नव्हता, म्हणून इतका वेळ घालवला. उद्या काला. त्यासाठी कुणाच्या घरून किती पोहे, किती दही आलं, ते समितीने बाहेर पायरीपाशी फळ्यावर लिहिलंय. जास्तवाले वर. अगदी खाली एका घराचं नाव आहे, पुढे लिहिलंय ‘वाटीभर’. त्या घरची माणसं आज आतल्या खांबामागे बसली आहेत. मी भित्रा माणूस, मला तो फळा पुसवणार नाही. तुमच्यात कुणी आहे का?

कोण उठलं ते? शेटेअण्णा? अहो, तुमची तर अख्खी गोणी आहे, तुमचं नाव सगळ्यांत वर!

मग तर तुम्हीच पुसा. जपून जा, पायरी ओली आहे. रामभट, सूर धरा. अण्णा परत येईपर्यंत आपण हरीचं नाव घेऊ. माझा आवाज पोचणार नाही, तेव्हा तुम्हीही तुमचा जरा घाला.