डोंगरामागचा धूर

फोनमधला बाण दाखवेल तिकडे दिवसभर स्कूटर पळवणारी कुरिअरवाली आज पायाला प्लास्टर घालून हाडांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत बसली होती. शेजारी एक आजी आणि तिची नात.

"आजी, चार दिवस तू गेम उघडला नाहीस."

"मन लागत नाही."

"अगं, तुला शोधाशोध नको म्हणून मी सगळा नकाशा उघडून दिला. कुठे गुहा, कुठे पेटी, सगळीकडे खुणा आहेत."

"तिथेच तर माशी शिंकली. आधी मला डोंगरामागे धूर दिसला होता. कोण राहत असेल म्हणून दोन दिवस वाट शोधली. तीनदा दरीत पडले."

"आणि मिळालं काय?"

"रिकामी झोपडी. चूल पेटलेली, शेजारी दोन कप."

"बस? साधी तलवारही नाही?"

"तलवारीने मी काय कांदा चिरू? दुसरा कप कोणाचा, या विचारात माझं दूध उतू गेलं. आता खुणेपाशी जाते, पेटी उघडते, परत येते. यादी घेऊन वाणसामान आणल्यासारखं."

"बरं, खुणा बंद करते. पण तो दुसरा कप ना..."

"बोललीस तर याद राख."

नर्सने आजीला हाक मारली. आजी गुडघे धरत उठली, दाराकडे निघाली. कुरिअरवालीने हळूच नातीची बाही ओढली.

"मला तरी सांग. कोणाचा?"

आजी मागे न बघता म्हणाली, "सांगू नकोस गं. प्लास्टर निघेपर्यंत वेळच वेळ आहे तिला."